आत लोकर, वर रबर

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "ताई, पहाटे बोटं अशी बधिर होतात की कोयता हातात आहे की नाही तेच कळत नाही," आणि लगेच पोरांच्या परीक्षेवर घसरलीस. भाऊजी शेजारीच असावेत, म्हणून मी खोदून विचारलं नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही बघ. आता घरात कुणी नाही, तेव्हा नीट ऐक.

बऱ्हाणपुरात कसली आलीय थंडी, असं सगळे म्हणतात. दुपारी एक वाजता ते खरंही असतं, अंगातला स्वेटर नकोसा होतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, शहापूरच्या रस्त्याला स्कूटीवर वारा लागतो, बागेत शिरलं की केळीच्या पानांवरचं दव थेट मनगटात, आणि शेवटी फण्या धुवायची तुरटीच्या पाण्याची टाकी. तेवढ्याच थंड हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब वीस-पंचवीस पटीने लवकर ओढून नेतं. तेव्हा तुझं दुखणं थंडीचं कमी आणि ओलीचं जास्त आहे.

मी आधी उलटंच समजले होते. तीन वर्षांपूर्वी बाजारातून चांगले जाडजूड, आतून मऊ फर असलेले हातमोजे आणले. लेबलवर हे एवढं मोठं 'वॉटरप्रूफ'. पहिल्या पाच-सहा घडांतच बोटांच्या बेचक्यातून पाणी आत शिरलं. कापड पाणी अडवणारं असेलही, पण शिवण म्हणजे सुईची शेकडो भोकं, ती कोण बुजवणार? फर भिजली ती दिवसभर वाळली नाही. हात गोठले, कोयता निसटला, आणि डाव्या अंगठ्याजवळची ती खूण तू पाहिलीयस. घरी मी सुरीने कापलं म्हणून सांगितलं होतं.

मला शहाणपण शिकवलं आत्याच्या नातवाने. तो कॅनडात विनिपेगला असतो. तिथे तळी गोठली की हा बर्फाला भोक पाडतो, गळ सोडतो आणि उणे २० मध्ये तासन्‌तास बसतो. मी म्हटलं, मेल्या, बाजारात मासे मिळत नाहीत का? हसला. मग कॅमेऱ्यासमोर हात धरून दाखवला: आत पातळ लोकरीचा मोजा, त्यावर चार बोटांना मिळून एकच पिशवी असलेला सैल जलरोधक मोजा, आणि कोटाच्या आतल्या खिशात लोकरीची दुसरी कोरडी जोडी. मासा काढताना आतला मोजा भिजला की तो बदलायचा, वाळायची वाट बघायची नाही. बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, म्हणून ती पिशवी. हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांच्या मोज्याला तर्जनीपुरतं उघडणारं झाकण असतं म्हणे. तुला कोयता धरायचाय, तेव्हा पिशवी उपयोगाची नाही, पाच बोटंच हवीत. पण ऊब एकाने धरायची, पाणी दुसऱ्याने अडवायचं, ही त्याची वाटणी मात्र उचल.

आधी आतला मोजा. खरी लोकर थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. सुती मोजा भिजला की संपलाच. दुकानात लोकर म्हणून बहुतेक अॅक्रिलिकच गळ्यात मारतात. एक धागा उपसून पेटवून बघ. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिक. दुकानदारासमोर काडी ओढायला लाजू नकोस. त्याच्याकडे 'हातमोजे' मागितलेस तर तो पायमोजे काढेल, हिंदीत 'दस्ताने' म्हण.

वरच्या मोज्याला शिवण नकोच, अखंड रबरी किंवा नायट्रिलचा घे, मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत येणारा. गवंडी वापरतात तो तळव्यालाच लेप असलेला मोजा स्वस्त असतो, पण त्याची पाठ विणलेली, दव तिथूनच शिरतं. रबराने कातडीला खाज सुटत असेल तर नायट्रिल. तळव्यावर खवले हवेत, नाहीतर केळीच्या चिकाने हात सटकतो. घरी आणल्यावर मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडायची आणि फुगलेली बोटं गालाजवळ धरायची. बारीक भोक असलं तर गालाला वारा लागतो. आणि एक नंबर मोठाच घे. घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही, मग आत काश्मीरची लोकर असली तरी बोटं गारच.

आता एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. घड उतरवताना हात वर असतात, म्हणजे पाणी आणि चीक मनगटाकडून कोपराकडे ओघळतो. तेव्हा मोजा बाहीच्या वर घ्यायचा आणि त्याची कड बोटभर उलटी दुमडायची, पन्हळीसारखी. ओघळ तिथे अडतो. टाकीशी हात खाली असतात, तेव्हा दुमड सोडायची. स्कूटीवरही मोजा बाहीवरच, नाहीतर वारा बाहीतून पार काखेपर्यंत जातो. स्कूटीसाठी मात्र ते माझे फरवाले मोजे घेऊन जा, कोरड्या हवेत ते झकास आहेत.

आणि टाकी रात्री भरून ठेवत जाऊ नका गं! रात्रभर उघडं पडलेलं पाणी पहाटे नुसतं चावतं. ट्यूबवेलचं ताजं पाणी त्या वेळी कोमट लागतं, कारण जमिनीच्या पोटात ऋतू पोचत नाही. बागेला चरका बसू नये म्हणून भाऊजी थंडीत रात्री पाणी देतात ना, ते याच उबेसाठी. केळीची एवढी काळजी, मग बायकोच्या हातांनी काय घोडं मारलंय? पहाटे मोटर सुरू झाली की आधी टाकी भरायला सांग.

बधिर हात शेकोटीत धरू नकोस. चटका बसला तरी कळत नाही, मी फोड आणून घेतलेत. काखेत धर, हळूहळू येऊ दे. संध्याकाळी बोटांच्या शेंड्यांना लाल-जांभळी सूज येऊन खाज सुटत असेल तर ती ओल्या थंडीचीच, बर्फच लागतो असं नाही. खाजवू नको, हात कोरडे ठेव, तेल न चोळता हलकेच लाव. पण बोटं खडूसारखी पांढरी, मग निळी, मग लाल, असे रंग बदलत असतील तर मोज्यांच्या भरवशावर राहू नकोस, डॉक्टरला दाखव. मला खरं सांग, होतं का तसं?

मोजे रोज उलटे करून दोरीवर टाक, चुलीजवळ नाही, रबर तडकतं.

हे सगळं भाऊजींना सांगत बसू नकोस. मोज्यांना पैसे मागायचे म्हटलं की तुला संकोच होतो, मला ठाऊक आहे. त्यांच्या जॅकेटच्या वेळी नव्हता झाला. आईचा तो मोरपंखी स्वेटर मी उसवलाय. अस्सल लोकर आहे, काडी लावून बघितली. त्यात दोन जोड्या सहज होतील. उजव्या पंज्याला, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी दोरा गुंडाळ आणि पट्टीवर मोजून किती इंच भरतो ते कळव. सात भरला तर सात नंबर; वरचा मोजा आपण आठचा आणू. रविवारी मंडईच्या निमित्ताने ये, तोवर एक हात तरी विणून होईल.