सुट्टीचा दिवस काट्यावर घालू नकोस

हुपरी,
आश्विन वद्य पंचमी

चि. बाळास मामाकडून,

तुझा दिवाळीनंतरचा बेत ताईनं मला वाचून दाखवला. गोव्यातलं दिवाडी बेट, चौघं मित्र, भाड्याच्या सायकली आणि एका दिवसात चौदा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणापुढं वेळही लिहिलास : देऊळ वीस मिनिटं, चर्च पंधरा, जेवण अर्धा तास. हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली. तू पुण्यात कॉम्प्युटरपुढं बसतोस खरा, पण घराण्याची खोड काही गेली नाही. आपल्या गावात चांदी आटणीला टाकताना तोलायची, तार ओढली की तोलायची, जोडकाम होऊन पैंजण तयार झालं की तोलायचं आणि पॉलिश झाल्यावर पुन्हा तोलायचं. घट किती आली, टंच किती निघाला, यावर घर चालतं. धंद्यात हे हवंच. पण सुट्टीचा दिवस काट्यावर घातलास, तर हाती नुसती घट येईल.

निवांत राहणं आपोआप जमत नाही. त्याचीही तालीम लागते. म्हणून दिवाडीच्या आधी, घरी आलास की एक दिवस इथंच काढ. बेट हवं असेल तर खिद्रापूर आहे. गावाला तीन बाजूंनी कृष्णेचा वेढा. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात चौथी बाजूही पाण्यानं धरली होती आणि कोपेश्वराच्या देवळात पाणी शिरलं होतं. एरवी मात्र रस्ता सपाट, दोन्हीकडं ऊस आणि काळीभोर रानं. सायकलला याहून सोपी वाट आपल्या भागात नाही.

पण हुपरीपासून पायडल मारत निघू नकोस. इचलकरंजीवरून कुरुंदवाड, नृसिंहवाडी, खिद्रापूर आणि परत, एवढं एका दिवसात केलंस तर पायच तेवढे फिरतील, डोळ्यांना काही दिसणार नाही. सायकली टेम्पोत टाक आणि नृसिंहवाडीला उतर. तिथून खिद्रापूर १७-१८ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन तेवढं पुरे. फोनवर वेग आणि कॅलरी मोजणारं ते जे काही आहे, ते बंद करून खिशात ठेव.

वाडीत आधी दत्ताच्या पादुकांचं दर्शन घे आणि मग कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर घाटाच्या पायरीवर बस. पावसाळ्यात नदी चढली की पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा बघायला माणसं रात्री-अपरात्री धावतात. कार्तिकात तीच नदी खाली गेलेली असते. पाणी कुठवर चढतं, हे कुणा म्हाताऱ्याला विचार. तो बोट दाखवेल त्या उंचीकडं बघितलंस, की पुराच्या बातम्या तुला नीट समजतील.

आता खाण्याचं. वाडीची बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी, सगळं खा, पण जाताना नको, येताना खा. आटवलेलं दूध पोटात घेऊन उन्हात सायकल चालवलीस, तर अकिवाटच्या पुढं झाडाखाली आडवा होशील. जाताना चहा आणि भडंग बास. पुढं गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांब. मालकाला राम राम घाल आणि काहिलीजवळ जाऊ का म्हणून विचार. ताजी काकवी मिळाली तर भाकरीबरोबर खा. भाकरी घरून बांधून ने. दुपारच्या जेवणाला कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत कुठं मिळालं, तर दुसरं काही मागू नकोस. एका दिवसात सतरा पदार्थ चाखणारा माणूस संध्याकाळी एकाचीही चव सांगू शकत नाही. जे जिथं होतं ते तिथं खावं, बसून खावं, आणि करणाऱ्याशी दोन शब्द बोलावं.

खिद्रापूरचं देऊळ शिलाहारांच्या वेळचं, १२ व्या शतकातलं. स्वर्गमंडपात वर गोल झरोका उघडा आहे आणि खाली तेवढीच गोल शिळा. भोवती ४८ खांब. ऊन त्या शिळेवरून कसं सरकतं ते बघत बस. बाहेर पाठीवर देऊळ तोलून धरलेले हत्ती आहेत, त्यांना प्रदक्षिणा घाल. समोर नंदी शोधू नकोस, इथं तो नाही. लोक सांगतात, तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. पायात चपला नकोत, कोरीव कामावर हात नकोत, आणि गाभाऱ्यात फोटो काढायचा तर आधी विचार.

परतताना एक गोष्ट कडक पाळ. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, बऱ्याचशा मागच्या दिव्याविना. अंधारात बंद पडलेली ट्रॉली जवळ जाईतो दिसत नाही. तेव्हा उजाडल्यावर निघायचं आणि दिवस मावळायच्या आत वाडीला पोहोचायचं. यात हयगय नको.

एवढं जमलं की दिवाडीला खुशाल जा. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीत सायकल चढते आणि पाच-दहा मिनिटांत मांडवी ओलांडून होते. सकाळी सायकलवर भोंपू वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येईल, त्याच्याकडून गरम पोई घे. पिएदादच्या टेकडीचा चढ सायकलवरून उतरून, ती ढकलत चढ, त्यात कमीपणा नाही. वरच्या चर्चपाशी दम घे. रविवारी लोक प्रार्थनेला येत असतील तर आवाज करू नका. खाली खाजन शेतं आहेत. बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि भात काढायचं, हे शतकानुशतकं चालत आलेलं काम आहे. बांधावरून चाल, शेतात उतरू नकोस. दुपारी जे ताजे असतील ते मासे आणि शीतकडी, म्हणजे भात-कालवण.

मग बेटाच्या दुसऱ्या धक्क्यावरून फेरीबोटीनं पलीकडं नार्व्याला उतर. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीचं. १६ व्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडं नेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तुमची फेरीबोट जे पाणी पाच-दहा मिनिटांत ओलांडते, ते त्या माणसांनी जीव मुठीत धरून ओलांडलं असेल. त्या देवळाला वीस मिनिटं लावू नकोस.

टेकडी, शेतं आणि देऊळ, एका दिवसाला ही तीन पुष्कळ झाली. बाकीची अकरा पुन्हा कधीतरी. बेट कुठं पळून जात नाही, आणि तुझी नोकरीही एका दिवसानं बुडत नाही.

खिद्रापूरचा दिवस ठरला की दोन दिवस आधी कळव. टेम्पो मी सांगून ठेवतो. आणि माझीही एक सायकल त्यात घाल.

तुझा,
मामा