बोहाड्याचे मुखवटे

कोडोलीसारख्या देशावरच्या गावी ‘सोंग’ म्हटले, की चेहरा रंगवून दारी येणारा बहुरूपी आठवतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात मात्र मुखवट्यालाच सोंग म्हणतात. हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो.

शेतीची कामे थांबली, की उन्हाळ्याच्या दिवसांत येथील कोकणा, वारली आदी आदिवासी लोक बोहाडा साजरा करतात. रात्र पडते, टेंभे पेटतात, संबळ घुमू लागतो. प्रथम गणपतीचे सोंग येते. त्यामागून देव, दानव आणि पशू नाचत येतात. प्रत्येकाची चाल निराळी आणि तिला साजेसा ठेकाही निराळा. अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते आणि महिषासुर पडतो.

मुखवट्यासाठी कारागीर हलके लाकूड निवडतो, ते आतून पोखरतो, पाहण्यापुरती छिद्रे ठेवतो आणि मग रंग देतो. तरीही मुखवटा जडच असतो. तो बांधून नाचणे सोपे नव्हे. पुष्कळ सोंगांचा मान ठराविक घराण्यांकडे असतो. बाप नाचत असता मुलगा टेंभ्याच्या उजेडात त्याची पावले न्याहाळतो. हेच त्याचे शिक्षण होय.

दूर पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन देशात मेंडे लोकांमध्येही मुखवटा शिक्षणाशी जोडलेला आहे. तेथे वयात येणाऱ्या मुली ‘सांडे’ या स्त्रियांच्या मंडळात प्रवेश करतात व संसाराची आणि वागणुकीची रीत शिकतात. त्या समारंभांत काळाभोर, चकाकणारा लाकडी मुखवटा धारण करून एक स्त्री नाचते. तो पुरुष कोरतात, पण घालतात स्त्रियाच. त्याचे कपाळ भव्य आणि तोंड लहान व मिटलेले असते. कमी बोलावे, विचार अधिक करावा, असा त्याचा अर्थ सांगतात.

असे कित्येक जुने मुखवटे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहालयांत आहेत. तेथे त्यांना कीड लागत नाही, ऊन-पाऊस लागत नाही. पण तेथे त्यांच्याबरोबर नाचणारेही कोणी नाही. बोहाड्याचा एखादा जुना मुखवटा गरजेपोटी विकला गेला, तर कारागीर नवा घडवू शकेल. परंतु त्या सोंगाची पावले एका पिढीने शिकायची सोडली, तर ती कोणत्या लाकडातून कोरून काढणार? म्हणून बोहाड्याच्या रात्री टेंभ्याजवळ जागत बसलेला तो मुलगा मुखवट्याइतकाच मोलाचा आहे.