मातेकडून बालकाकडे येणारा हिवताप

हिवताप डासामुळे होतो, हे आपण सर्वांनी शालेय पुस्तकातच वाचले आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भिंतीत या रोगाचा परजीवी पाहिला. तथापि एकही डास न चावता हिवताप होण्याचा एक मार्ग आहे आणि त्याचा बळी ठरते ते नुकतेच जन्मलेले मूल. गर्भावस्थेत किंवा प्रसूतीच्या वेळी मातेच्या रक्तातील परजीवी बालकाच्या रक्तात उतरतात. यालाच जन्मजात हिवताप म्हणतात.

यात मुख्य भूमिका वारेची असते. फाल्सिपॅरम जातीच्या परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी वारेला चिकटून राहतात. तेथे त्यांची गर्दी झाली की गर्भाच्या पोषणात अडथळा येतो. माता पांडुरोगी होते, मूल कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते, क्वचित मृतही जन्मते. परजीवी वारेत दडल्याने मातेच्या बोटातून घेतलेल्या रक्तात तो कधीकधी सापडतही नाही. जेथे हिवताप बारमाही असतो तेथे लहानपणापासून आलेली प्रतिकारशक्ती पहिलटकरणीच्या कामी पडत नाही, कारण वार हे परजीवीला लाभलेले नवे ठिकाण असते. पुढील बाळंतपणांत ती शक्ती हळूहळू येते. उलट जेथे रोग अधूनमधून येतो, तेथे कोणतीही गर्भवती गंभीर आजारी पडू शकते. व्हायव्हॅक्स हिवतापही मातेकडून मुलाकडे जातो.

बालकाला जन्मतःच ताप असतो असे नाही. मातेकडून मिळालेली प्रतिद्रव्ये काही काळ त्याचे रक्षण करतात. काही बालके तर परजीवीवर स्वतःच मात करतात. इतरांत बहुधा दहाव्या ते तिसाव्या दिवसाच्या दरम्यान ताप, दूध न ओढणे, किरकिर, कावीळ, फिकटपणा आणि पाणथरीची वाढ दिसू लागते. हीच लक्षणे जंतुसंसर्गाचीही असल्याने उपचार त्या दिशेने सुरू होतात आणि रक्ताची काचपट्टी तपासण्याचे राहून जाते. माझ्या मते खरा धोका येथेच आहे. रोग दुर्मीळ असल्याने तो कोणाच्या मनात येत नाही. म्हणून गर्भारपणात मातेला थंडीताप येऊन गेला होता, ही गोष्ट घरच्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावी, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.

निदान झाल्यास उपचार कठीण नाही. डासाने सोडलेला परजीवी आधी यकृतात जातो. मातेकडून आलेला मात्र थेट रक्तातच वाढतो. त्यामुळे या बालकात व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसत नाही आणि त्यासाठी लागणारे प्रायमाक्विन देण्याची गरज पडत नाही. गर्भवतीलाही हे औषध देत नाहीत. इतर औषधे मात्र गर्भारपणात देता येतात. 'पोटुशीला गोळ्या नकोत' ही समजूत येथे घातक ठरते.

ज्या वाचकांची गावे गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात आहेत, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्याच्या दिवसांत गर्भवतीही रानात जाते, कारण हंगाम चुकला तर पैसा चुकतो. गर्भवतीच्या विश्रांतीचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना राष्ट्रहिताचा म्हणून मांडला होता. तो कायदा कारखान्यातील स्त्रियांपुरता होता. रानातून मोळी आणणारी त्यात नव्हती.

घरात औषधभारित मच्छरदाणी एकच असेल, तर तिच्यात प्रथम गर्भवती आणि तान्हे मूल झोपावे. ताप येताच आशाताईंकडे रक्त तपासून घ्यावे. एकदा परजीवी सापडला नाही आणि ताप हटला नाही, तर पुन्हा तपासावे. आणखी एक: मातेला ताप आला म्हणून मुलाला अंगावरून तोडण्याची चाल काही घरांत दिसते. हिवताप दुधातून जात नाही. मातेवर उपचार चालू असताना तिने मुलाला पाजत राहावे. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना मात्र मूल अंगावर पिते, हे सांगावे.