हा अबोला तुझ्यावरचा नाही

अगं, नवरा बोलेनासा झाला की आपण आधी स्वतःलाच तपासतो. माझं काही चुकलं का? माहेरच्यांचं काही लागलं का? मग राग येऊ लागतो. मनोरहून बोईसरला जाऊन कंपनीत शिफ्ट करून आल्यावरही पोरांशी मस्ती करणारा माणूस आता सुट्टीच्या दिवशीसुद्धा भिंतीकडे तोंड करून पडतो. जेवायला बोलावलं तर ‘भूक नाही’, विचारलं तर ‘काही नाही’. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल, पहाटेच झोप उडत असेल, तर याला आळस किंवा रुसवा समजू नकोस. हे नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना दाखव.

या आजारात घरातलं बोलणं आटत जातं. ते गप्प, म्हणून तू गप्प. मग पोरांच्या तोंडी निरोप जातात, ‘पप्पांना विचार, जेवणार का?’ हे मात्र करू नकोस. पोरांना वाटतं, पप्पा आपल्यावर रागावलेत. त्यांना जवळ घेऊन सांग, ‘पप्पांना बरं नाही, उपचार करतोय, यात तुमची काही चूक नाही.’

त्यांना ‘तुम्हाला झालंय तरी काय?’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर त्यांनाही सापडत नसतं. ‘चहा ठेवते, ओट्यावर बसता का?’ एवढंच विचार. नाही म्हणाले तरी उद्या पुन्हा विचार. ‘मन घट्ट करा’, ‘पुरुषासारखे पुरुष तुम्ही’ हे घरात कुणालाही बोलू देऊ नकोस. आणि तुझंही सांग, टोमणा न मारता: ‘तुम्ही बोलला नाहीत की मला भीती वाटते.’ सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘कासव’ हा सिनेमा तू एकदा बघ. त्यातली जानकी खचलेल्या तरुणाला खोदून खोदून विचारत नाही, नुसती सोबत देते.

कुणी म्हणेल, बाहेरचं आहे, भगताकडे न्या. भांडत बसू नकोस, पण डॉक्टरही थांबवू नकोस. मनोरच्या ग्रामीण रुग्णालयात जा, मानसोपचारतज्ज्ञ कुठे भेटतील ते तिथे विचार. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं तर घाबरू नकोस. तिथे ओपीडीत दाखवून घरीही येता येतं. सरकारच्या टेलिमानस या मदतवाहिनीचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. कंपनीचा विमा असेल तर चौकशी कर. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा मिळायला हवा.

‘मी नसलेलाच बरा’ असं बोलले, तर सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नकोस, फवारणीची औषधं घरातून हलव आणि लगेच दवाखाना गाठ.

आणि तू? तू त्यांची बायको आहेस, डॉक्टर नाहीस. त्यांना बरं करायचं सगळं ओझं एकटीने उचलायचं नसतं. लोक काय म्हणतील म्हणून आजार लपवत राहिलीस, तर घरात आजारी माणसं दोन होतील. बहीण, जाऊ, शेजारीण, जिच्यावर विश्वास असेल तिला खरं सांग. दवाखान्यात जाशील त्या दिवशी पोरांना तिच्याकडे ठेव, आणि जमलं तर सासूबाईंना सोबत ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातले टोमणेही कमी होतात.