बिल नाही, तर फोन नाही

नागपुरात हुडकेश्वर रोडवर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हाळगी नगर चौकाकडून पिपळ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना लेआउट पडत गेले, घरं वाढली आणि घरागणिक फोन वाढले. माणसं फोन घ्यायला बर्डीच्या बाजारात जातात किंवा ऑनलाइन मागवतात आणि अडलं की माझ्या काउंटरवर येतात. या काउंटरवरून जे पाहिलं, त्यातलं चार लोकांच्या उपयोगी पडेल तेवढं इथे लिहितो.

सुरुवात एका मुलाच्या फोनपासून करतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा, ओळखीच्या घरातला मुलगा. बहिणीच्या ऑनलाइन क्लाससाठी त्याने बारा हजारांत जुना फोन घेतला होता. फोन दिसायला नव्यासारखा, काचेवर ओरखडासुद्धा नाही. बाजारात तोच फोन त्या वेळी वीस हजारांच्या आसपास होता.

"भाऊ, सिम टाकलं तरी नेटवर्कच नाही येऊन राहिलं. आतली पट्टी गेली असंन का जी?"

मी माझं सिम टाकून पाहिलं. तेही चालेना. दुसऱ्या कंपनीचं टाकलं, तेही नाही. वायफायवर मात्र सगळं सुरळीत. अशा वेळी मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. डायल पॅडवर *#०६# दाबलं, फोनची ओळख असलेला पंधरा आकडी आयएमईआय नंबर आला. माझ्या फोनवरून तो १४४२२ या तपासणीच्या नंबरला मेसेज करून पाठवला. उत्तर आलं, फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे. म्हणजे कुणाचा तरी हरवलेला किंवा चोरीला गेलेला फोन होता आणि मूळ मालकाने तो बंद करवून घेतला होता.

त्या मुलाचा चेहरा उतरला. "मी तं पूर्ण पैसे मोजून देले ना जी!" त्याचं म्हणणं खरं होतं, त्याच्या मनात काही खोट नव्हती. पण कायदा इथे सरळ आहे. १९३० च्या माल विक्री अधिनियमानुसार विकणाऱ्याची स्वतःचीच मालकी नसेल, तर घेणाऱ्याकडे ती येत नाही, त्याने कितीही पैसे मोजलेले असोत.

विकणाऱ्याने फोन कसा दाखवला होता, हे मी मुद्दाम विचारलं. त्याने स्वतःच्या दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट लावून व्हिडिओ कॉल करून दाखवला होता. कॅमेरा दाखवला, गाणं वाजवलं. सिम टाकायची वेळ येऊच दिली नाही. बिलाचं विचारलं तर म्हणाला, घर बदलताना डबा आणि बिल हरवलं. जुन्या फोनच्या सौद्यात हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मी पुढचं बोलणं थांबवतो.

मुलाच्या एका मित्राने तिथेच उभं राहून विचारलं, नंबर बदलून मिळेल का? मी स्वच्छ नाही म्हटलं. आयएमईआयमध्ये फेरफार करणं हा दूरसंचार अधिनियम, २०२३ प्रमाणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा फेरफार करून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्या दुकानाची पायरी चढू नका.

मग त्याच्या मामांना बोलावलं आणि आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. आपणहून गेलो, ते बरं झालं. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद होती, विकणाऱ्याशी झालेलं चॅटिंग होतं, ते सगळं दाखवता आलं. जबाब झाला, फोन जमा झाला. विकणाऱ्याचा नंबर तोपर्यंत बंद झाला होता. बारा हजार गेले ते गेले. बहिणीच्या क्लाससाठी मामांनी आपला फोन दिला. त्या घरात बारा हजार म्हणजे काय, हे मला माहीत आहे, म्हणून हे इतकं तपशिलाने सांगतो आहे.

मूळ मालक फोन बंद करतो कसा, तेही सांगतो. केंद्र सरकारने १६ मे २०२३ ला संचार साथी पोर्टल सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचं अॅपही आलं. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं आणि तक्रारीची प्रत, बिल व आयएमईआय देऊन या पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही. कुणी त्यात सिम टाकलंच, तर त्याचा माग पोलिसांना मिळू शकतो. मूळ मालकासाठी ही फार मोठी सोय आहे. पण याच कारणाने डोळे मिटून जुना फोन घेणारा आता पूर्वीपेक्षा लवकर अडकतो.

तेव्हा जुना फोन घ्यायचा असेल, तर सौदा ठरण्याआधीच *#०६# दाबा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. ते डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्यांशी ताडून पाहा, शेवटचे चार आकडे जुळले म्हणून थांबू नका. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून, एक जागा सोडून आयएमईआय लिहा आणि १४४२२ वर पाठवा. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येतं. हातातला फोन एक आणि उत्तरातलं मॉडेल दुसरंच, किंवा ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट असं काही आलं, तर हात जोडून निघून या. आपलं सिम टाकून एक साधा कॉल लावा. आणि फोन आज साफ दिसला तरी मालक उद्या तक्रार देऊ शकतो, म्हणून बिलाची मूळ प्रत, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या सहीची दोन ओळींची विक्रीपावती घ्या. प्रामाणिक माणूस यातल्या कशालाच नाही म्हणत नाही.

आणखी एक तपासणी समोरच करून घ्या. विकणाऱ्याला त्याचं गुगल खातं काढायला लावा, फोन रिसेट करा आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होताना शेवटपर्यंत बघा. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की खातं न काढता रिसेट केलेला फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तिथेच अडतो. आयफोनमध्ये हे कुलूप २०१३ पासून आहे. फायनान्सवर घेतलेल्या फोनचं प्रकरण आणखी वेगळं. आधीच्या मालकाचे हप्ते थकले, तर फायनान्स कंपनीने टाकलेल्या अॅपमधून फोन लॉक होऊ शकतो. म्हणून हप्ते पूर्ण फिटल्याचा दाखला मागा.

आता नव्या फोनच्या ऑफरबद्दल. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये 'नो कॉस्ट ईएमआय' पाहून लोक खूश होतात. हिशेब मांडून बघू. १८,००० चा फोन, सहा महिने, दरमहा ३,०००. बँक १५ टक्के दराने व्याज लावते असं धरलं, तर सहा महिन्यांचं व्याज साधारण ७६० रुपये होतं. तेवढी सूट विक्रेता किमतीत आधीच देतो, म्हणून हप्त्यांची बेरीज १८,००० च भरते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो, म्हणजे सुमारे १३७ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ असेल, तर जीएसटी धरून ती २३५ होते. म्हणजे पावणेचारशे रुपये वर गेले. रक्कम मोठी नाही आणि ज्याला एकरकमी जमत नाही त्याने हप्त्यावर जरूर घ्यावा. पण दुकानदाराला एक प्रश्न आधी विचारा: रोख दिले तर काय भाव? कितीदा तो भाव हजार-दीड हजाराने खाली येतो, आणि मग हप्त्याचा खरा खर्च समजतो.

एक्स्चेंजच्या जाहिरातीत 'पर्यंत' हा शब्द बारीक अक्षरात असतो. जुन्या फोनचे ८,००० पर्यंत मिळतील म्हणतात, घरी माणूस येतो, काचेवरची रेघ दाखवतो आणि ३,००० वर आणतो. नवा फोन हातात आलेला असतो, मग कुणी परत पाठवत नाही. पैसे भरायच्या पानावर तुम्ही न मागितलेला विमा किंवा वाढीव वॉरंटी आपोआप टिक झालेली असेल, तर ती काढून टाका. असं गुपचूप घुसडणं केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुचित आहे. पार्सल उघडताना सीलपासून सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको.

नागपूरकरांनी बॅटरीचं मात्र नीट ऐकावं. फोनच्या लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. अॅपल आपले आयफोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत किती होत असेल, याचा विचार करा. मे-जूनमध्ये फुगलेल्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात, त्यात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून चार्जिंगला ठेवलेले फोन बरेच असतात. बॅटरी फुगली की आधी स्क्रीनची एक कड उचलते, नख जाईल इतकी फट दिसते, आतल्या प्रकाशाची बारीक रेघ बाहेर येते. फोन टेबलावर पाठीवर ठेवला की डुगडुगतो. एवढं दिसलं की चार्जिंग ताबडतोब बंद करा, फोन बंद करा, गादी-पडद्यापासून दूर ठेवा. दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. एका काकूंनी रात्री उशीखाली चार्जिंगला लावलेला असा फोन आणला होता. उशीच्या अभ्र्यावर पिवळा चट्टा पडलेला होता. त्या रात्री काही अघटित झालं नाही, ते त्यांचं नशीब.

चार्जर घेतानाही जपून घ्या. रस्त्यावर शंभर-दीडशेला मिळणारा अॅडॅप्टर वजनाला हलका लागतो, कारण आत संरक्षणाचे भाग कमी असतात. अॅडॅप्टर आणि पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर आर हे अक्षर आणि पुढे आठ आकडे छापलेले असतात. ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये तो नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावे आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

फोन वॉरंटीत असेल तर माझ्यासारख्याकडे आणू नका, कंपनीच्या सेंटरला न्या. मी उघडला की वॉरंटी अडचणीत येते. ती संपली असेल आणि स्क्रीन फुटली असेल, तर कारागिराला स्पष्ट विचारा की टाकणार आहेस तो डिस्प्ले ओरिजिनल आहे की कॉपी. कॉपी स्वस्त पडते, पण उन्हात रंग फिका दिसतो आणि काही फोनमध्ये बोटाचा ठसा चालत नाही. घ्यायची असेल तर माहीत असून घ्या. जुना भाग परत मागा आणि बिलावर टाकलेल्या भागाचं नाव लिहून घ्या. फोन देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. लॉकचा पॅटर्न चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवणारे लोक रोज भेटतात. कृपा करून असं करू नका, कारागीर कितीही विश्वासाचा असो.

फोन चोरीला गेला तर सगळ्यात आधी सिम आणि बँकेची सेवा बंद करवून घ्या. फोनचा शोध त्यानंतर. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कॉल करा, कारण पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

विकणाऱ्याने किंवा सेंटरने दाद दिली नाही, तर गप्प बसायचं कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तरीही नाही जमलं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

पण तिथेही पहिला कागद बिलाचाच लागतो. आणि हल्लीची बिलं ज्या गुळगुळीत कागदावर छापतात, त्यावरची अक्षरं आपल्या उन्हाळ्यात उडून जातात. माझ्याकडे लोक कोरा कागद घेऊन येतात आणि म्हणतात, हेच बिल होतं. तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या फोनची बिलं बाहेर काढा, त्यांचे फोटो काढून स्वतःला ईमेल करा, आणि प्रत्येक फोनचा आयएमईआय एका वहीत लिहून ठेवा.