गच्चीवरची डिश, घरभर टीव्ही

प्रश्न : गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. तेच चॅनेल खालच्या खोलीतल्या लॅपटॉपवर दिसतील का? इंटरनेट लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नक्की दिसतील, आणि इंटरनेट अजिबात लागणार नाही, घरचा राउटर पुरे. डीव्हीबी-एस२ ट्यूनर जुन्या संगणकाला किंवा रास्पबेरी पायला जोडा, त्यावर टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. मग नेटवर्कवरच्या कुठल्याही लॅपटॉपवर व्हीएलसीतून चॅनेल उघडतो.

खरी मेख ट्यूनरच्या संख्येत आहे. एक ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरून एकत्र येणारा चॅनेलांचा गट) पकडतो. त्यावरचे सगळे चॅनेल वेगवेगळ्या खोल्यांत एकाच वेळी चालतात. पण दुसऱ्याला दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवरचा चॅनेल हवा असेल, तर दुसरा ट्यूनर लागतो. शिवाय दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीवरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि गच्चीवरून दुसरी केबल. म्हणून केबल टाकतानाच दोन टाका, हा माझा आग्रह आहे. चित्र अडखळले तर ट्यूनर जोडलेला संगणक आणि राउटर वायफायऐवजी लॅन केबलने जोडा.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेल मात्र कूटबद्ध असतात. ते असे दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी कंपनीचे अॅपच वापरा.