सशांचें अंधत्व : कारणें व लक्षणें

बैल आंधळा झाला तर तो जुंपतांक्षणींच मालकास कळतें. सशाचें तसें नाहीं. आपलें दुबळेपण लपविणें हेंच त्याचें संरक्षण. शिवाय नाक, कान व मिशा यांवर त्याचा इतका भरंवसा असतो कीं, दृष्टि गेली तरी ओळखीच्या पिंजऱ्यांत तो नेमका पाल्यापाशीं जातो, आणि मालक निश्चिंत राहतो. मुलांच्या हौसेकरितां अथवा जोडधंदा म्हणून ज्या बंधूंनीं ससे बाळगले आहेत, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. कारण कित्येक विकार प्रारंभींच कळले तर डोळा वांचण्याचा संभव असतो.

सशाचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्यास बहुतेक सभोंवार दिसतें. मात्र अगदीं नाकासमोरचें दिसत नाहीं. म्हणून नाकाशीं धरलेला घांस त्यानें हुंगून घेतला, एवढ्यावरून तो आंधळा ठरत नाहीं. पांढऱ्या सशांचे तांबडे डोळे हाही रोग नव्हे. हात हालवून परीक्षा पाहूं नये. वाऱ्यानें मिशा हालतात व ससा दचकतो. पिंजऱ्यांतील भांडें दुसरीकडे ठेवून तो त्यास अडखळतो काय तें पहावें. कापसाचा लहान गोळा प्रथम एका व मग दुसऱ्या बाजूस हळूच सोडावा. एकाच बाजूनें हात लावतांना ससा दचकत अथवा चावत असेल, तर त्या बाजूच्या डोळ्याविषयीं शंका घ्यावी.

कारण पुष्कळदां डोळ्याबाहेरच सांपडतें. सशाचे दात जन्मभर वाढतात. पटाशीचे दात वर्षाकांठीं सुमारें ४ ते ५ इंच वाढतात व गवत चावून तितकेच झिजतात. जेथें गवत थोडें व भरडा फार, तेथें ते झिजत नाहींत आणि मुळें उलट डोळ्याकडे सरकतात. पटाशीच्या दाताच्या मुळाजवळूनच अश्रुनलिका जाते. ती दाबली म्हणजे डोळ्यांतून पांढरट पाणी गळतें. दाढेच्या मुळाशीं गळूं झालें तर तें खोबणींत वाढून डोळा बाहेर ढकलतें. अशा वेळीं नुसते थेंब घालीत बसणें आमच्या मतें व्यर्थ होय. दाढा तपासल्या पाहिजेत, व तें काम पशुवैद्याचें.

दुसरें कारण एका अतिसूक्ष्म परोपजीवी जंतूचें. १९२२ सालीं सशांतच आढळलेला हा जंतु रोगट सशाच्या मुतांतून पसरतो, व गर्भांतील पिलांसही लागतो. तेथेंच तो डोळ्याच्या भिंगांत शिरतो; पुढें भिंग फुटतें व बाहुलींत पांढरा डाग दिसूं लागतो. मालक म्हातारपणाचा मोतीबिंदू समजतो, पण ससा तर वर्षा-दोन वर्षांचाच असतो! मान वांकडी होणें, मागचे पाय लुळे पडणें हीं त्याच रोगाचीं दुसरीं रूपें. पशुवैद्य फेनबेंडाझोल हें औषध चार आठवडे देतात. फुटलेलें भिंग मात्र त्यानें सुधारत नाहीं. हा जंतु क्वचित् अशक्त माणसासही बाधतो, म्हणून पिंजरा झाडल्यावर हात साबणानें धुवावे.

न्यूझीलंड व्हाइट जातींत काचबिंदू आनुवंशिक आढळतो. पिलूं तीन-चार महिन्यांचें होतें न होतें तोंच डोळा मोठा व निळसर धुरकट दिसूं लागतो. दोष नर व मादी दोघांकडूनही आला तरच प्रकट होतो. आईबाप स्वतः डोळस असूं शकतात. असें एक पिलूं निघालें तरी ती जोडी पुन्हां लावूं नये, व त्या वेतांतील पिलें पैदाशीकरितां विकूं नयेत. नुकसान टाळण्यासाठीं तीं शेजाऱ्याच्या गळ्यांत बांधणें हा सरळ व्यवहार नव्हे.

कुसळ व सांचलेल्या मुताचा उग्र वायु यांनींही डोळे येतात. गवत पाहून घालावें व खालचा पेंढा वरचेवर बदलावा. पिलांचे डोळे १० ते १२ दिवसांनीं उघडतात. तोंवर न उघडून आंत पू दिसल्यास कोमट मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पापण्या पुसाव्या, ओढूं नयेत.

आंधळा ससा मारून टाकण्याचें कारण नाहीं. डोळा ठणकत असल्यास पशुवैद्य तो काढतात, व ससा पुन्हां खाऊं लागतो. त्याचीं भांडीं एकाच जागीं ठेवावीं, हात लावण्यापूर्वीं बोलावें, आणि सवयीचा जोडीदार त्याजपासून काढून नेऊं नये.